सिंगापूरचं टोकन आणि चाळीची भिंत

प्रश्न : माझा मुलगा सिंगापूरला असतो. कोविडात तिथल्या सरकारनं म्हाताऱ्यांना गळ्यात अडकवायचं टोकन दिलं. आपल्याकडे एवढे आयटीवाले, मग आपलं घोडं कुठे पेंड खातं? (एक आजोबा, मुलुंड)

उत्तर : आजोबा, त्या टोकनाचा मलाही हेवा वाटला होता. जून २०२० पासून ते वाटलं, आधी स्मार्टफोन नसलेल्या ज्येष्ठांना. त्यात जीपीएस नव्हतं, फक्त ब्लूटूथ; म्हणजे कोण कुठे गेलं ते नाही, कोण कोणाच्या जवळ आलं एवढंच टिपायचं. माझ्या सासूबाईंकडे बटणांचा फोन, त्यामुळे एप्रिलात आलेल्या आपल्या सरकारच्या आरोग्य सेतू ॲपच्या लेखी त्या नव्हत्याच!

पण आमच्या लालबागच्या चाळीत टोकन तरी काय करणार? खोली दहा बाय बारा. शेजारच्यांची मालिका आम्हाला भिंतीतून ऐकू येते, आणि ब्लूटूथही भिंतीतून आरपार जातं. एक जण पॉझिटिव्ह निघाला की अख्खा मजला 'संपर्कात'.

यजमान पॉझिटिव्ह आले तेव्हा वॉर्डाच्या वॉर रूममधून, म्हणजे कोविडच्या नियंत्रण कक्षातून, एका मुलीचा फोन आला. पहिलाच प्रश्न : "काकी, संडास घरात आहे की बाहेर?" बाहेर, आठ बिऱ्हाडांत दोन. संध्याकाळी त्यांना विलगीकरण केंद्रात हलवलं. ॲपनं मला खोकला विचारला होता, संडास नाही. महापालिकेनं २४ वॉर्डांत अशा वॉर रूम उघडल्या होत्या, आणि माझ्या मते मुंबईचं खरं तंत्रज्ञान तेच.

बाकी देशांचंही सगळं गोड नव्हतं. दक्षिण कोरियानं २०१५च्या मर्स या साथीनंतर कायदा बदलला, त्यामुळे रुग्णाचं कार्ड कुठे घासलं, फोन कुठे होता, हे सरकारला काढता येई. माग झटपट लागला; पण रुग्ण कुठे-कुठे गेला हे नाव न देता जाहीर व्हायचं आणि ओळखीचे नेमकं ओळखायचे. चाळीत तर नाव लागतंच कशाला! जर्मनीनं उलट केलं. ॲपनं टिपलेल्या संपर्काच्या नोंदी ज्याच्या-त्याच्या फोनमध्येच ठेवल्या. खासगीपण राखलं, पण इशारा मिळालेल्यानं स्वतः कळवलं नाही तर आरोग्य खात्याला पत्ताच नाही.

आणि सिंगापूर? माहिती फक्त साथीसाठी, असं सांगितलेलं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कळलं की पोलीसही ती मागू शकतात. गदारोळ झाला, फेब्रुवारीत कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घातली. २०२३ मध्ये टोकनं परत गोळा केली. मुलानं स्वतः घेतलं असेल, तर परत दिलं का ते विचारा.