मार्चमध्ये बैठक तासभर अलीकडे का येते?

पुण्याहून न्यू जर्सी आणि लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर रोज संध्याकाळी साडेसातला होणारी बैठक मार्चमध्ये अचानक साडेसहाला का आली, आणि लंडनकरांना ती दुपारी दोनऐवजी एकला का दिसू लागली, असा आपला प्रश्न आहे. आपल्या कॅलेंडरमध्ये कोणताही बिघाड नाही. ही बैठक न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे सकाळी नऊला आखलेली असणार, आणि अमेरिकेचे व युरोपचे घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे होते, पण एकाच रविवारी नाही.

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता थेट तीन वाजतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुन्हा मागे येते. ब्रिटन आणि युरोपीय संघ मात्र मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ग्रिनिच वेळेनुसार रात्री एकच्या एकाच क्षणी बदल करतात. त्या क्षणी बर्लिनमध्ये दोन आणि अथेन्समध्ये तीन वाजलेले असतात. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा न्यू जर्सी व लंडन यांच्यातील पाच तासांचे अंतर चारच तास राहते. आपले घड्याळ जागचे हलत नाही (दुसऱ्या महायुद्धात काही वर्षे मात्र भारतातही ते एक तास पुढे ठेवले होते), म्हणून सारी ओढाताण आपल्याच संध्याकाळवर येते. अशाच एका सोमवारी मी नेहमीच्या वेळी बैठकीत शिरलो, तेव्हा ती संपून सगळे निरोप घेत होते.

दक्षिण गोलार्धात हे चक्र उलटे चालते. सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. शेजारचे क्वीन्सलँड राज्य मात्र हा बदल पाळत नाही, त्यामुळे सीमेवर एकमेकांना चिकटून असलेल्या कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स या वस्त्यांमध्ये उन्हाळाभर तासाचा फरक असतो. ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाव बेटावर तर घड्याळ अर्धाच तास सरकते, आणि मोरोक्को वर्षभर तासभर पुढे राहून फक्त रमजानपुरता मागे येतो.

हे नियम सरकारे मनास येईल तेव्हा बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत ही पद्धत बंद केली, तर इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. म्हणून तासांचा फरक पाठ करण्यापेक्षा कॅलेंडरमध्ये वेळेबरोबर शहराचे नाव निवडावे. ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची प्रमाणवेळ) असे लिहू नये, कारण काटेकोर अर्थाने ती फक्त हिवाळ्यातील वेळ आहे. आपल्याला संध्याकाळ निश्चित हवी असेल, तर आयोजकाला बैठक कोलकाता वेळेवर (कॅलेंडरमध्ये भारतीय वेळ याच नावाने असते) बांधायला सांगावे; मग साडेसात कायम राहतील, मात्र उन्हाळ्यात न्यू जर्सीला दहा आणि लंडनला तीन वाजलेले असतील.