शेड्युल वनवर नावं कुणाची आहेत, ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. तालुक्याच्या गावचा जुना व्यापारी संघ, दर दोन वर्षांनी नवी कार्यकारिणी. बाजारपेठेतल्या एकेरी वाहतुकीविरुद्धचं निवेदन नगरपरिषदेनं 'तुम्ही अधिकृत पदाधिकारी असल्याचा पुरावा द्या' म्हणून परत केलं आणि त्याच महिन्यात बँकेनं खात्यावरच्या सह्या बदलायला नकार दिला. तुम्हाला ही दोन दुखणी वाटतायत. दुखणं एकच आहे: सरकारी नोंदीत पदाधिकारी म्हणून अजून जुनीच नावं आहेत. आमच्या संघाचंही हेच होतं, आणि त्याच्याइतकी महाग चूक आमच्याकडून दुसरी झाली नाही.

मी वकील नाही. खाली लिहितोय ते १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी असलेल्या, म्हणजे 'एफ' नंबरवाल्या संघांबद्दल. तुमचा संघ कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी असेल किंवा कामगार संघटना कायद्याखाली नोंदलेला असेल (व्यापाऱ्यांचे असेही संघ असतात), तर हे सोडून द्या.

पहिलं काम: धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करून शेड्युल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या तिथल्या नोंदवहीचा, ताजा उतारा काढा. संघाच्या घटनेची (नियमावलीची) प्रत नको, नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्सही नको, उताराच. त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावं आहेत, कायद्याच्या नजरेत तेच तुमचे पदाधिकारी. त्यातले निम्मे वारलेले असतील, एखाद्यानं धंदा मुलाकडे देऊन गावही सोडलेलं असेल. बँक आणि नगरपरिषद तेवढंच बघतात.

असं का होतं? निवडणूक झाली की हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो, लेटरहेड बदलतं. बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो कुणी देत नाही. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. 'आमचे सीए दरवर्षी ऑडिट भरतात' हे उत्तर मी इतक्या संघांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही. ऑडिट वेगळं, बदल अर्ज वेगळा, आणि वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत संस्था निबंधकांकडे द्यायची कार्यकारिणीची यादी तिसरीच. एक दिलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आता निस्तरायचं कसं. सगळ्यात मोठा मोह म्हणजे मधली वर्षं सोडून फक्त शेवटच्या निवडणुकीचा अर्ज टाकायचा. आम्ही नेमकं तेच केलं. आताची कार्यकारिणी ज्यांनी सभा बोलावून निवडली, ते स्वतः उताऱ्यावर नसतील तर त्यांना सभा बोलवायचा अधिकार कुठून आला, या एका प्रश्नावर अर्ज पडतो. म्हणून सर्वांत जुन्या राहिलेल्या निवडणुकीपासून सुरू करा. प्रत्येक मुदतीचा स्वतंत्र अर्ज, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. विलंबाचं कारण खरं लिहा. खर्च भरायला सांगतील, तो भरा.

प्रत्येक अर्जाला लागणारे कागद साधारण असे: सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपटाच्या सह्या, ठराव, नव्या लोकांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत. यातले दोन कागद नेहमी घात करतात.

एक नोटीस. घटनेत '१५ दिवस आधी' लिहिलेलं असतं आणि संघ ग्रुपवर पाच दिवस आधी मेसेज टाकतो. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरू नका, मधले पूर्ण दिवस मोजा. अजेंडा बुकात सही घ्या, जो सही देणार नाही त्याला स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती त्याच पानाला चिकटवा.

दुसरा कागद वर्गणीचा, आणि याकडे कुणाचंच लक्ष नसतं. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत नाही आणि तो सभासदांत मोजलाही जात नाही. आपल्याकडे वर्गणी गोळा होते दिवाळीनंतर आणि निवडणूक होते गणपतीच्या आधी! विरोधी गटाच्या वकिलानं फक्त पावतीपुस्तक मागितलं तरी पुरे. तेव्हा मतदार यादी करताना प्रत्येक नावापुढे पावती नंबर आणि तारीख लिहा.

जुनी प्रोसिडिंग (सभांची इतिवृत्तं) सापडत नसतील तर मागच्या तारखेनं लिहून काढू नका. सल्ला देणारे भेटतील. २०१४ च्या सभेची नोटीस जीएसटी नंबर छापलेल्या लेटरहेडवर काढलेली असते (जीएसटी आला २०१७ च्या जुलैत) आणि दहा वर्षांचे ठराव एकाच पेनानं, एकाच अक्षरात. मग प्रकरण चुकीचं राहत नाही, बनावटीचं होतं. कागदच नसतील तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१अ खाली निवडणूक घेण्याबाबत निर्देश मागण्याचा रस्ता वकिलाला विचारा. वेळ लागतो, भांडण सभासद यादीवर होतं, पण पाया पक्का होतो.

कार्यालयाबद्दल. कुठलं ते सांगत नाही. आमच्या फायलीची त्रुटी दर खेपेला एकच आणि तोंडीच सांगितली जायची. ती पुरी केली की पुढच्या खेपेला नवी. चूक आमचीही होती, आम्ही ऐकून परत यायचो. अर्ज आवक करून पोच घ्या आणि 'सर्व त्रुटी एकत्र लेखी कळवाव्यात' असं पत्र त्याच दिवशी द्या. विश्वस्त कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्त बदलाचा अर्ज आधी तात्पुरता मान्य करायची तरतूद आहे, तशी विनंती करा. प्रत्येक जिल्ह्याची रीत मात्र थोडी वेगळी असते.

हे होईपर्यंत एकेरी वाहतुकीचं काय? त्यासाठी संघाचं लेटरहेड लागतच नाही. दुकानदारांच्या वैयक्तिक सह्यांचं निवेदन द्या: दुकानाचं नाव, नगरपरिषदेचा मालमत्ता क्रमांक, सही. मालमत्ता क्रमांक असला की 'तुम्ही कोण' हा प्रश्न उरत नाही. आणि नुसतं 'एकेरी रद्द करा' म्हणू नका, ते कुणी वाचत नाही. दोन बाजारचे दिवस आणि दोन साधे दिवस टेम्पो मोजा, रस्त्याची रुंदी टेपनं तीन ठिकाणी घ्या आणि माल उतरवायला ठरावीक वेळ मागा, समजा सकाळी ११ च्या आत आणि रात्री ८ नंतर. अशी अधिसूचना बहुधा जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांच्या पातळीवर निघते, त्यामुळे प्रत तिकडेही द्या. एका पत्रात एकच विषय. त्यात मालमत्ता कर आणि गटार घुसवलंत की पत्र तीन टेबलांवर फिरून कुठेच थांबत नाही.

बाजारपेठ बंदचा विचार तूर्त सोडा. माझं मत टोकाचं वाटेल, पण आठवडी बाजाराच्या दिवशी बंद ठेवला की गिऱ्हाईक शेजारच्या तालुक्याला जातं आणि त्यातलं काही परत येत नाही.

कागद नीट झाल्यावर आणखी एक खुर्ची मागता येते. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे नगर पथविक्रेता समितीत व्यापारी संघटनेच्या प्रतिनिधीचीही तरतूद आहे. हातगाड्या कुठे लागणार हे तिथे ठरतं, आणि आपण बाहेर उभे राहून ओरडतो.

जाता जाता: सभासद टिकवायचे तर भाषणांपेक्षा वजनकाटे पडताळणीचं शिबिर भरवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी लागते. शिक्क्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं, ते दुकानदाराला वाचायला शिकवा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ देऊ नका. पण निव्वळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून ती मिळते ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. विकलेल्या मालाचे ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षण त्यात येत नाही. हे आधीच सांगा, नाहीतर नंतर शिव्या संघाला बसतात.

आणि संघाच्या इमारतीत गाळे असतील तर तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेकरार विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ च्या परवानगीशिवाय करू नका, तोही बँकेइतकाच अडतो.

उतारा हातात आला की नावं झाकून इथे टाका. घटनेतली कार्यकारिणीची संख्या आणि मुदतही लिहा, म्हणजे कुठल्या वर्षापासून अर्ज सुरू करायचे ते बघता येईल.