विहिरीची भिंत वाचायला शीक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. बीएस्सीला जिऑलॉजी घेतली, दुसरं वर्ष संपत आलं आणि घरात रोज ‘याला नोकरी कुठली?’ हा विषय निघतो, असं लिहिलं आहेस. आई-बाबांचा प्रश्न रास्त आहे. आधी त्यांना उत्तर देते, मग तुला सांगायचं ते सांगते.

नोकऱ्या आहेत. सगळ्यात मानाची वाट यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेची. जिऑलॉजीत एमएस्सी झालीस की, किंवा शेवटच्या वर्षाला असतानाच, अर्ज करता येतो. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळ, म्हणजे आपल्या तोंडातलं जीएसआय आणि सीजीडब्ल्यूबी. पूर्वपरीक्षा साधारण फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये. मुख्य परीक्षेला तीन पेपर आणि उत्तरं लिहायची इंग्रजीत. तेल कंपन्यांनी गेट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर भूवैज्ञानिक घेतलेले आहेत. शिवाय खाणी, धरणं, बोगदे, मेट्रोची कामं, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणाऱ्या कंपन्या आहेत. घाटातल्या दरडींचं कामही आता वाढतंय. २०१४ साली माळीण गाडलं गेलं, २०२४च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर आला. देशात दरडींच्या अभ्यासाची मुख्य जबाबदारी जीएसआयकडे आहे, आणि आपल्याला तर बेळगावहून चोर्ला आणि आंबोली हे दोन्ही घाट जवळ.

एवढं घरी वाचून दाखव. आता तुझ्यासाठी.

कुठलाही क्लास लावण्याआधी, पुढच्या रविवारी तुमच्या शेतातल्या विहिरीत उतर. पायऱ्यांची आहे ना? मग दुपारी ऊन आत पडतं तेव्हा जा, आणि एकटी जाऊ नकोस, भावाला घेऊन जा. आत्ता पाणी खाली गेलेलं असेल, म्हणजे भिंत उघडी. वरून खाली बघ. आधी काळी माती, मग पिवळट मुरूम. त्याखाली बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर दगड, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे, आणि पांढरं आहे ते बहुतेक झिओलाइट नावाचं खनिज. त्याच्या खाली कदाचित हातभर जाडीचा विटकरी लाल थर लागेल. लाव्ह्याचा एक लोट येऊन गेला, पुढचा यायच्या आधी पहिल्याचा माथा हवापाण्याने कुजला, तो हा थर. आणि त्याखाली काळा कातळ.

आता ओल कुठे आहे ते बघ. बऱ्याचदा पाझर लाल थराच्या वरच्या कडेला सापडतो, कारण तो थर चिकणमातीसारखा, पाणी सहज खाली जाऊ देत नाही. नाहीतर कातळातल्या एखाद्या चिरेतून धार येत असेल. चीर कुठल्या दिशेला जाते ते होकायंत्राने मोज. शेजारच्या विहिरीतली चीर त्याच रेषेत आहे का, तेही बघून ये. असं दहा विहिरींचं टिपण झालं की गावाच्या पाण्याचा नकाशा तुझ्या हातात येतो. तो आज बहुधा कुणाकडेच नाही.

हे एवढं लांबवून सांगते, कारण माझं अख्खं आयुष्य याच कामात गेलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बोअर मारायची म्हटलं की पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला तिथे गाडी लागते. शेतकरी सोसायटीचं कर्ज काढून सहाशे फूट जातो. आपल्या काळ्या दगडात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या, भेगाळ भागात आणि दोन लोटांच्या सांध्यात. नुसतं खोल गेल्याने ते वाढत नाही. रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमिनीचा विद्युतरोध मोजणारं यंत्र, लावून, विहिरी बघून जो माणूस ‘इथे मारू नका’ असं ठामपणे सांगू शकतो, त्याची आपल्या तालुक्यांना किती गरज आहे हे मी रोज बघते. हे काम सरकारी नोकरीतही होतं आणि बाहेर राहून सल्लागार म्हणूनही होतं. सुरुवातीला पैसा कमी मिळेल. पण नाव झालं की गावं स्वतः बोलवायला येतात.

शिवाय तू कुठे जन्मलीस ते बघ. निपाणी-चिकोडीकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. गोकाकला घटप्रभा जवळजवळ ५२ मीटर खाली उडी घेते तो खडक कलादगी खोऱ्याचा, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. कित्तूर-बैलहोंगलकडे धारवाडी शिस्ट खडक, ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. खानापूरला जांभा आणि लाल माती. कोल्हापूरच्या पठारांवरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात येतं. पुण्याची मुलं खास सहल काढून जे बघतात, ते तुला सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे. जीएसआयचा रॉबर्ट ब्रूस फूट हा सगळा मुलूख हिंडला. गोकाकजवळ त्याला गेंड्याचे जीवाश्म सापडले, ते त्याने १८७४ साली प्रसिद्ध केले, आणि या प्रदेशाचा सविस्तर भूवैज्ञानिक अहवाल १८७६ मध्ये निघाला. जुन्या सर्वेक्षण नकाशांत बेळगाव ‘४८ आय’ क्रमांकाच्या नकाशात येतं आणि गोकाक ‘४७ एल’मध्ये. हे दोन नकाशे मिळव. जीएसआयच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे फुकट आहेत, नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअरही फुकट. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बस.

वही कशी लिहायची ते नीट ऐक, कारण चांगले शिकलेले लोकही इथे घोळ घालतात. डाव्या पानावर फक्त दिसलं ते: जागा, तारीख, रंग, कणांचा आकार, थराची जाडी, नती (थर किती कललाय ते), चिरांची दिशा. उजव्या पानावर तुला काय वाटतं ते. दोन्ही एकत्र लिहिलंस तर वर्षाने तुला स्वतःलाच कळणार नाही, डोळ्यांनी काय बघितलं होतं आणि पुस्तकातून काय आलं होतं. फोटोत मापासाठी हातोडी किंवा नाणं ठेव. दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र स्वतःचं घे.

भाषेबद्दल थोडं. दहावीपर्यंत मराठीत शिकलीस याची चिंता करू नकोस, पण आठवड्याला एक पान इंग्रजीत लिहायची सवय लाव, एका खडकाचं वर्णन, बस. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तेच कामी येतं. आणि कन्नड मनापासून शीक. सौंदत्तीच्या शेतकऱ्याला त्याच्या विहिरीबद्दल विचारायचं तर दुभाषा घेऊन कसं चालेल? कर्नाटकच्या खाण आणि भूजल खात्यांत जायचं झालं तरी कन्नड लागणारच. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी तरतूद असते. तुझं गाव त्यात आहे का, रहिवासाचा कुठला दाखला मागतात, हे प्रत्येक जाहिरातीत वाच. दाखला आयत्या वेळी मिळत नाही.

‘मुलगी रानावनात कशी फिरणार’ असं आजी म्हणते, हेही लिहिलंस. काळजी खोटी नाही. जोडीने जा, निघताना जागा सांगून जा, घोट्यापर्यंतचे बूट घाल, पावसाळ्यात धबधब्याच्या खडकावर पाऊल ठेवू नकोस. पण ‘मुलींना ऑफिसचं काम बरं’ असं म्हणून कुणी तुला फील्डमधून वगळायला लागलं, तर गप्प बसू नकोस. या विषयात फील्ड सुटलं की पुढचं बरंच सुटतं.

एमएस्सीसाठी धारवाड जवळ आहे आणि चांगलं आहे. पण आयआयटीची जॅम परीक्षाही दे. तिचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तिसऱ्या वर्षाला गेलीस की लगेच भरायचा, म्हणजे तयारी या मे महिन्यातच सुरू. स्फटिकशास्त्र आणि संरचनात्मक भूविज्ञान आधी घे, तिथेच मुलं अडतात.

दिवाळीत मी बेळगावात आहे. तोवर पाच विहिरी झालेल्या असू देत, वही घेऊन ये. पाणी ओसरलेलं असलं तर एक दिवस गोकाकला जाऊ. तुझ्या वर्गातल्या दोघीतिघींना घेऊन ये, गाडीत जागा आहे.

तुझी,
मावशी