13 वर्षांचा मुलगा अंधाराला घाबरतो, दिवस मावळल्यावर मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत एकटा जात नाही, रोज प्रार्थना करूनही भीती जात नाही. ख्रिस्ती आईबापांनी कोणतं वचन पाठ करून घ्यावं?

वचन शेवटी सांगतो. आधी तुमच्या त्या "प्रार्थना करूनही" बद्दल. भीती उरली म्हणजे विश्वास कमी पडला, असं तुम्हाला वाटतंय. पोराच्या मनातही तेच बसलं असणार. ते आधी काढा.

तुमचा मुलगा दिवस मावळल्यावर मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत एकटा जात नाही. आमच्या शब्बाथ शाळेत अगदी असाच एक पोरगा होता, अचलपूर तालुक्यातल्या खेड्यातला. घर गावाच्या टोकाला, मागं लागूनच तुरीचं वावर. तूर वाळत आली की शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात. तो आवाज आला की पोरगा जागच्या जागी थिजायचा. विचारलं तर "मले भेव लागते जी," एवढंच. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडिलांनी, म्हणजे पुढाऱ्यानं, रविवारी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि भीती म्हणजे अविश्वास, असं सांगितलं. वर दुष्टात्म्याची शंका काढून तेल लावून प्रार्थना केली. त्यानंतर पोरगा भीती लपवायला शिकला. संध्याकाळपासून पाणी पिणं बंद. रात्रभर लघवी दाबून धरायची. बायबल उशाखाली, गळ्यातला क्रूस मुठीत. एका रात्री क्रूस सापडला नाही, तर तो उंबरठासुद्धा ओलांडेना. क्रूसाचा ताईत झाला होता, आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्याच्या बाबांनी पुढं जे केलं ते जसंच्या तसं करता येतं. पिकाची पैसेवारी, म्हणजे शंभरात किती पीक आलं तो अंदाज, आपल्याकडं पोराटोरांनाही कळते, तशी भीतीची पैसेवारी काढायची. शंभर पैसे म्हणजे पाय उचलत नाही, शून्य म्हणजे काहीच वाटत नाही. उंबरठ्यापासून संडास 35 पावलं. पहिल्या तीन रात्री बाबा बरोबर, पण टॉर्च पोराच्या हातात. पुढच्या तीन रात्री बाबा अर्ध्या वाटेवर न्हाणीजवळ उभे. मग दारात. मग दार लोटून आत, पण बोलत राहायचं. शेवटी आत, आणि गप्प.

खरं काम तिथं पोचल्यावर आहे. जाऊन पळत परत यायचं नाही. तिथंच उभं राहून मिनिटा-दोन मिनिटांनी पैसेवारी सांगायची आणि 80 ची 40 झाली की सावकाश मागं फिरायचं. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, बाबांच्या पायाला मच्छर चावतात, तरी थांबायचं. 80 वर असताना पळालं की पळालो म्हणून वाचलो असं शरीर धरून बसतं, आणि दुसऱ्या रात्री सुरुवातच 90 पासून होते. बहुतेक घरी इथंच बिघडतं, कारण माय कळवळून हाक मारते, "ये रे बापू आत." एखादी पायरी जमली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, दोन्हींच्या मधली पायरी शोधा. आणि रोज करा. आठवड्यातून एकदा केलं तर फारसा फरक पडत नाही.

प्रार्थना निघण्याआधी, एकच ओळ: "प्रभू, मला भेव लागते, माझ्यासंगं चाल." "भीती काढून टाक" असं मागायला लावू नका. भीती लगेच गेली नाही की पोरगं समजतं, देवानं ऐकलं नाही. क्रूस गळ्यात राहू द्या, पण मुठीत धरायचा नाही. हात मोकळे.

आता मंडळीतल्या त्या वडिलांच्या, भीती म्हणजे अविश्वास, या मुद्द्याकडे येतो, कारण हे बोलणं दर दुसऱ्या मंडळीत ऐकू येतं. गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला, आणि पेत्र, याकोब, योहान यांना त्यानं इथं थांबा, जागे राहा असं सांगितलं (मार्क 14:33-34). सोबत मागितली त्यानं. एलीया ईजबेलच्या भयानं पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (1 राजे 19). वादळात शिष्य ओरडले तेव्हा येशूनं आधी वारा थांबवला, मग का घाबरलात असं विचारलं (मार्क 4:39-40). मत्तयात हा क्रम उलटा आहे, ते मला मान्य आहे. पण तिथंही विचारणारा त्याच नावेत बसला होता, काठावर उभा राहून बोलत नव्हता. आणि "भिऊ नको" बायबलात 365 वेळा आहे, असं पोरांना सांगू नका. मोजलं तर भरत नाही, आणि आठवीतलं पोरगं मोजतं.

वचन म्हणाल तर स्तोत्र 56:3. भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन, असं दावीद म्हणतो, म्हणजे भीती वाटते हे तो आधीच कबूल करतो. अर्धी ओळ श्वास घेताना चार मोजत, अर्धी सोडताना सहा मोजत. भराभरा जप करू देऊ नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. पायात बूट, हातात चांगला टॉर्च, अंगणातलं गवत काढलेलं, कारण सापाची भीती खोटी नाही. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या गावात हे प्रयोग कुंपणाच्या आतच. भीती एखाद्या माणसाची असेल, शिकवणीच्या, शेजारच्या, अगदी मंडळीतल्या, तर पायऱ्याबियऱ्या काही नाही. त्या माणसापासून पोराला आधी दूर करा आणि 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा. शेजारी कुणी विषारी औषध पिऊन जीव दिला असेल आणि आपला बाप रात्री ओलिताला गेला की परत येईल का, या धास्तीनं पोरगं जागत असेल, तर त्याला सरळ विचारा. विचारल्यानं भीती वाढत नाही. झोप, जेवण, शाळा यातलं काही दोन-तीन आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर बोला, फुकट आहे, दिवसरात्र सुरू असतं. आणि भूत काढतो म्हणून कुणी हात उगारला तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, मग तो भगत असो की प्रार्थनेला आलेला माणूस.

आठवडाभराचे आकडे वहीत उतरवून ठेवा आणि इथंच लिहा. कोणत्या पायरीवर पैसेवारी अडली ते पाहून पुढचं सांगतो.