मातीला जाणं

चिनू,

परवा काका फोनवर म्हणाला, "आत्ताच मातीला जाऊन आलो, अंघोळ करतो, मग बोलू." तू लगेच विचारलंस, आपल्यात तर जाळतात, मग काका मातीला कसा गेला? मी "असंच म्हणतात" म्हणून टाळलं. ते काही खरं नव्हे.

आपल्या निपाणी भागात कुणी गेल्याचं कळलं की पहिला प्रश्न, "माती किती वाजता हाय?" जाळणार की पुरणार, ते घराणं बघून कळतंच. मराठे, जैन जाळतात. मुसलमान, लिंगायत पुरतात. नाथपंथी गोसावी समाधी देतात. आपल्यातही दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. शब्द मात्र सगळ्यांना एकच, माती. कन्नडवाले मण्णु म्हणतात, अर्थ तोच.

मी चौथीत असताना शेजारचे लिंगायत अज्जा गेले. मला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेतून आलो तर अज्जा सोप्यात भिंतीला टेकून बसलेले, डोक्याला पटका, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी आपला नेहमीसारखा "अज्जा, जेवलासा काय?" म्हणून हाक मारली. आईनं मागून दंड धरून ओढलं. रात्रभर भजन चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांना तसंच बसवून विमानातून शेतात नेलं. (विमान म्हणजे फुलांनी मढवलेली पालखी, तुझं एअरपोर्टवरचं नव्हे.)

खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा खणला होता. त्यात मांडी घालून बसवलं आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. तेच लिंग ते जन्मभर गळ्यात बांधायचे आणि रोज त्याच तळहातावर घेऊन पुजायचे. लिंगायत माणूस मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला, म्हणजे लिंगाशी एक झाला, म्हणतात. मग पूजेला बसलेल्याला आडवं कसं करणार? वरून विभूती, बेलाची पानं, मीठ, आणि मग माती. मीही एक मूठ टाकली. आईला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: त्यांच्यात सुतक नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी ते मानायचं नाही असं सांगितलं. आपल्याकडे तेरा दिवस देवघर बंद, आणि त्यांच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा चालू!

गल्लीतल्या शिंपी चाचांच्या मातीलाही सगळी गल्ली होती. तुझ्या मित्राच्या आजीला इथं पेटीत ठेवलं, तशी पेटी तिथं नव्हती. पांढरं कफन, तोंड पश्चिमेला, आणि प्रत्येकाच्या तीन मुठी माती. आमचे आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, धोतर खोचून रांगेत उभे होते.

त्याच आप्पांच्या मातीला मी पोचलो नाही. सकाळी गेले, संध्याकाळी माती, आणि मला तिकीट मिळालं तिसऱ्या दिवसाचं. तोवर सावडणं उरकलं होतं. पूर्वी राख वेदगंगेत सोडायचे, हल्ली बरेच जण रानातच झाड लावून बुंध्यात घालतात. काकानंही तेच केलं, तंबाखूच्या रानाच्या बांधावर.

गेल्या मे महिन्यात तू एका आंब्याच्या रोपाला तांब्याभर पाणी एकदम ओतलंस आणि काका "हळू गं, हळू" म्हणत धावत आला. ते रोप तेच.

पप्पा