वर्गात कोणी वाचूनच येत नाही, काय करू?

प्रश्न: ताई, मी पुण्यातल्या एका कॉलेजात एसवायबीएला इतिहास शिकवते. रीडिंगची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की सगळे अंगठा दाखवतात आणि वर्गात विचारलं की माना खाली. परीक्षेआधी अप्पा बळवंत चौकातून गाईड आणलं की झालं त्यांचं. सगळ्यांनी मिळून एकाच मजकुरावर कमेंट करत वाचायचं, असं करतात म्हणे, ते आपल्याकडे जमेल का? बहुतेकांकडे फक्त फोनच आहे.
– एक प्राध्यापिका, कोथरूड

उत्तर: जमेल की! पण नुसतं "वाचा आणि कमेंट टाका" म्हणालात तर "छान", "इम्पॉर्टंट" एवढंच येईल, त्यापेक्षा गाईड परवडलं.

समजा तुम्ही महात्मा फुल्यांचं 1882 चं हंटर आयोगापुढचं (म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं) निवेदन देताय, आपल्या पुण्याचंच आहे, फार मोठंही नाही, फक्त इंग्रजीत आहे म्हणून पोरं बिचकतात. त्यात ते निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणतात. त्या ओळीवर तुम्हीच आधी प्रश्न टाकून ठेवा, सक्तीच का मागतायत, आणि कारण जिथे सापडेल ती ओळ सिलेक्ट करून तिथेच लिहायचं. मग कोणीतरी त्या जागेपाशी पोचतं जिथे ते म्हणतात की महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा फायदा मात्र वरच्या वर्गांना, आणि जुन्नर-शिरूरकडून आलेला एखादा शेतकऱ्याचा मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो खाली लिहितो की आमच्याकडे अजून असंच आहे, लगेच दुसरी म्हणते कसं काय, आणि सुरू. कमेंट मराठीत चालतील हे आधीच सांगा, नाहीतर अर्धा वर्ग इंग्रजीच्या भीतीनेच गप्प बसेल.

टूलचं फार डोक्याला लावून घेऊ नका. ओळीवर कमेंट करायला हायपोथेसिस नावाचं एक आहे, हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी काढलेलं पेरुसॉल आहे, ते कमेंटना आपोआप मार्कही देतं (मला ते मशीनचे मार्क फारसे पटत नाहीत). फोनवाल्यांसाठी साधं गूगल डॉक बरं, ॲपमध्ये ओळ दाबून धरली की कमेंट करता येते. झेरॉक्सवरून स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ओळ सिलेक्टच होत नाही, ती ड्राइव्हवर टाकून डॉकमध्ये उघडा, मजकूर बराचसा निघतो, तरी एकदा नजर टाका. आणि सगळा वर्ग एकाच डॉकवर सोडू नका, आठ-दहा जणांची एकेक कॉपी करा.

मार्क किती कमेंट टाकल्या यावर नकोत, दुसऱ्याच्या कमेंटला दिलेल्या एका धड उत्तरावर द्या. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना त्यातल्याच दोन भांडणाच्या कमेंट फळ्यावर लिहायच्या, हे चुकवलंत तर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही, कारण मॅडम वाचतच नाहीत हे पोरांना लगेच कळतं. प्रत्येक रीडिंगला मात्र नको, महिन्यातून एखाद-दोनदा बास.