डिस्क पद्धतीने संवेदनशीलता चाचणी करताना सुरुवातीला काय जपावे

जिवाणूंवर कोणते प्रतिजैविक चालते हे तपासायला शिकताना डिस्क पद्धतीपासून सुरुवात करणे योग्यच आहे. या पद्धतीत अगारवर (जेलीसारख्या वाढमाध्यमावर) जिवाणूंचे द्रावण पसरून औषधाच्या चकत्या, म्हणजे डिस्क, ठेवतात आणि त्यांच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ मोजतात. एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण) आणि प्रतिरोधाच्या यंत्रणा तूर्त बाजूला ठेवा आणि आधी हात बसू द्या.

सर्वांत जास्त लक्ष जिवाणूंच्या द्रावणाकडे द्यावे. त्याची गढूळता ०.५ मॅकफारलंड (गढूळता मोजण्याचे प्रमाण) इतकीच हवी, कारण द्रावण दाट झाले तर वर्तुळे लहान येऊन संवेदनशील जिवाणू प्रतिरोधक वाटतो, आणि पातळ झाले तर प्रतिरोधक जिवाणू संवेदनशील ठरतो, जे रुग्णासाठी अधिक घातक आहे. काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डासमोर त्या गढूळतेची प्रमाण नळी आणि आपली नळी शेजारी धरा, दोन्ही नीट हलवा आणि मगच तुलना करा. द्रावणासाठी घेतलेल्या वसाहती (अगारवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके) शुद्ध आणि ताज्या असाव्यात. मिश्र वाढीवरची चाचणी कितीही नेटकी दिसली तरी निरर्थकच.

नवशिक्यांकडून वारंवार होणाऱ्या चुका अशा:

- द्रावण १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवणे.
- स्वॅब (द्रावण पसरण्याची कापूस लावलेली काडी) नळीच्या कडेला दाबून न निथळणे.
- टेकलेली डिस्क पुन्हा सरकवणे. औषध तत्काळ अगारमध्ये पसरू लागते.
- थंड डबी लगेच उघडणे, ज्यामुळे डिस्कवर ओलावा धरतो.

मोठे वर्तुळ म्हणजे अधिक प्रभावी औषध, असे मात्र मुळीच समजू नका. प्रत्येक औषधाचे मोजमाप सीएलएसआय किंवा युकास्ट (या चाचणीचे निकष ठरवणाऱ्या संस्था) यांच्या चालू तक्त्यातील त्याच औषधाच्या मर्यादेशी ताडावे लागते. सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ सारखा, ज्याचे अपेक्षित वर्तुळ आधीच माहीत असते असा, नियंत्रण जिवाणू लावा, आणि त्याचे वर्तुळ मर्यादेबाहेर गेले तर कारण सापडेपर्यंत त्या औषधाचा अहवाल देऊ नका.